मुद्रा कर्ज आणि सीसी लिमिट : वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

लाकडी घाण्यासाठी मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटातून (५० हजार ते ५ लाख) कर्ज घेतलं, त्याला आता वर्ष होत आलं. मशीनसाठी मुदत कर्ज आणि खेळत्या भांडवलासाठी सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तेव्हा पैसे उचलायचे आणि परत भरायचे खातं), असं दोन्ही मिळालं. मुदत कर्जाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मशीन आलं, हप्ता सुरू झाला. धंदा खरा उभा राहिला तो सीसीमुळे.

करडई निघते फेब्रुवारी-मार्चात. भाव तेव्हाच उतरलेला असतो आणि आमचा हातही नेमका तेव्हाच रिकामा. आधी अडत्याकडून उधारीवर माल उचलायचो. उधारीचा भाव चढाच असायचा. यंदा थेट खळ्यावर जाऊन रोखीने घेतला. सीसीत जेवढी रक्कम उचलाल तेवढ्यावरच, रोजच्या बाकीनुसार व्याज लागतं. म्हणून तेलाचे पैसे आले की त्याच दिवशी खात्यात भरतो.

याचा फायदा एकट्या माझा झाला नाही, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. शेतकऱ्याला वजन झाल्याबरोबर पैसे मिळतात, बाजार समितीपर्यंतचं भाडं वाचतं. माल साठवलेला असल्याने कामावरच्या बायकांना भर पावसाळ्यातही रोजगार राहिला. एरवी तेव्हा घाणा बंद असायचा. पेंड गावातल्याच दुभत्या जनावरांना जाते.

त्रासही आहे. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक माल आणि येणी यांचा हिशेब, बँकेला द्यावं लागतं. आमच्या शाखेत तीन महिन्यांपेक्षा जुनी येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे त्या हिशेबावरून सीसीतून किती उचलता येईल त्या रकमेत, धरत नाहीत. गावात तर बरीच उधारी सुगीलाच वसूल होते. मुद्राचं कर्ज तारणाशिवाय द्यायचं असतं, त्यासाठी पतहमी निधी (कर्ज बुडालं तर बँकेला हमी देणारा) आहे. तरी पहिल्याच भेटीत जमीन गहाण ठेवायची भाषा झाली. लेखी द्या म्हटल्यावर तो विषय मिटला.

खरी अडचण हप्त्याची. कमी मुदतीच्या पिकाचं पीककर्ज एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी अनुत्पादक, व्हायला दोन हंगाम थकावं लागतं, माझं कर्ज ९० दिवसांत होतं. पाऊस हुकला तर माझं गिऱ्हाईक आणि तो शेतकरी एकदमच अडकतात, कारण बहुतेक वेळा ते एकच घर असतं. गावातल्या धंद्याला हा नियम जुळत नाही.

कर्ज घेणार असाल तर मशीनसोबत सीसी मागाच. पहिला हप्ता माल विकला जाईल त्या महिन्यानंतर लावून घ्या. हे मंजुरीपत्रावर सही करण्याआधी बोललं तरच होतं, नंतर कोणी ऐकत नाही.