टीडीए२०३० की टीपीए३११६? स्पीकर आणि हेडफोन दोन्हीसाठी घरी अँप बनवायचा असेल तर

टीडीए२०३० आणि टीपीए३११६ या दोन अँप्लिफायर आयसी आहेत. छोटा अँप्लिफायर बनवायचा म्हटलं की पहिला प्रश्न असतो किती वॉटचा, आणि मला वाटतं तो प्रश्न मागाहून विचारला तरी चालतो. १० बाय १२ च्या खोलीत ८८ डीबी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर असेल तर १ वॉटला एक मीटरवर ८८ डीबी मिळतात, जो बऱ्यापैकी मोठा आवाज आहे, आणि तिथून पुढे दर ३ डीबीला वॉट दुप्पट लागतात, म्हणजे १० वॉट आणि २० वॉट यात कानाला फार काही जाणवत नाही. आधी हे ठरवा की त्याच डब्याला हेडफोन पण लावायचाय का. निवड तिथेच होते.

टीपीए३११६ आहे क्लास डी (आउटपुट भराभर चालू-बंद करून आवाज बनवणारी) आणि ब्रिज आउटपुटवाली. ब्रिज म्हणजे स्पीकरच्या दोन्ही वायरी आयसी चालवते, मायनस म्हणून लिहिलेली वायर पण ग्राउंड नसतेच, १९ व्होल्टवर चालवली तर दोन्हीवर साधारण साडेनऊ व्होल्ट उभे असतात. आता हेडफोनच्या तीन टप्प्यांच्या पिनमध्ये डाव्या उजव्या दोन्हीचा मायनस एकच असतो, तो जोडला की दोन चॅनलचे आउटपुट एकमेकांना भिडले आणि जॅक धातूच्या डब्याला टेकत असेल तर सरळ शॉर्ट. यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या पीएएम८४०३ बोर्डाचं पण हेच, स्पीकरच्या टर्मिनलवरून हेडफोन काढायला जाऊच नका.

टीडीए२०३० जुनी, पाच पायांची, क्लास एबी (चालू-बंद न करता आउटपुट सलग बदलणारी). ड्युअल सप्लायवर (ग्राउंडच्या वर प्लस आणि खाली मायनस असे दोन व्होल्टेज) स्पीकरची एक बाजू खरंच ग्राउंडला असते, त्यामुळे हेडफोन सरळ जमतो. त्यासाठी प्रत्येक चॅनलच्या आउटपुटला ४७ ओहम २ वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि पुढे ४.७ ओहम ग्राउंडला, मधल्या जोडातून जॅक. आवाज २० डीबीच्या आसपास खाली येतो, सोबत आयसीची सूं सूं पण खाली जाते, आणि ३२ ओहमच्या हेडफोनला चार-साडेचार ओहमचा सोर्स मिळतो जो ठीक आहे. काही जण याऐवजी आयसीचा गेनच (सिग्नल किती पट वाढतो ते) कमी करतात, ते करू नका, २४ डीबीच्या खाली ही आयसी ऑसिलेट व्हायला, म्हणजे स्वतःच सिग्नल निर्माण करायला लागते. आउटपुटवर १ ओहमचा रेझिस्टर आणि ०.२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी जोडी असते ती पण गाळू नका, ती ऑसिलेशन रोखायलाच असते.

पण २०३० ला मेहनत जास्त आहे हे खरं. १२-०-१२ चा (मधल्या वायरीच्या दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर लागतो, २-३ अँपिअरचा, आणि सगळ्या खर्चात मोठा वाटा त्याचाच. १८-०-१८ घरात पडलाय म्हणून लावायचा मोह होतो, पण रेक्टिफाय केल्यावर (एसीचं डीसी केल्यावर) ±२४ च्या आसपास जातात आणि साध्या २०३० ची हद्द ±१८ ची आहे. १२-०-१२ वर ±१५ च्या थोडं वर मिळतात, ८ ओहमला चॅनलमागे १० वॉटच्या आसपास, खोलीसाठी पुष्कळ. आयसीची धातूची पाठ आतून मायनस सप्लायला जोडलेली असते, म्हणून हीटसिंक लावताना मध्ये अभ्रकाचा तुकडा आणि स्क्रूला प्लास्टिकचा वॉशर हवाच. २३० व्होल्टच्या बाजूला फ्यूज, डबा धातूचा असेल तर अर्थिंग, यात काटकसर नको.

३११६ मध्ये हे काहीच नाही. तयार बोर्ड घ्यायचा, घरातला जुना लॅपटॉप अडॅप्टर १९ व्होल्टचा जोडायचा, ८ ओहमला २० वॉटच्या आसपास मिळतात, ९० टक्क्यांच्या वर एफिशियन्सी त्यामुळे गरम पण फार होत नाही. टीव्हीखाली ठेवायला, फक्त स्पीकरला, मी पण हाच सुचवेन. एकच गोष्ट, घरात कोणी मिडियम वेव्हवर आकाशवाणी ऐकत असेल तर रेडिओ लांब ठेवा, ४०० किलोहर्ट्झच्या आसपास स्विचिंग चालतं आणि त्याच्या पटी ८०० आणि १२०० बरोबर त्या बँडमध्ये पडतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर एलए४४४० ही अँप्लिफायर आयसी पण पुढे येईल. १२ व्होल्टच्या सिंगल सप्लायवर, ४ ओहमला चॅनलमागे ६ वॉट, गाडीच्या स्पीकरसाठी छान. स्टीरिओ जोडणीत हेडफोन पण चालतो, १९ वॉटवाल्या ब्रिज जोडणीत नाही.

आणि मुख्य ऐकणं हेडफोनवरच असेल तर हे सगळं सोडा, वेगळा सीमॉय (बॅटरीवरचा छोटा हेडफोन अँप) बनवा. ९ व्होल्टची बॅटरी, दोन रेझिस्टर दोन कपॅसिटरने मध्ये ग्राउंड तयार केलेला, आणि ओपीए२१३४ ही ऑप-अँप आयसी (छोटे सिग्नल वाढवणारी). बॅटरीमुळे घुंss अजिबात नाही, झीरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या तयार बोर्डावर) मावतो. एनई५५३२ स्वस्त पडते पण तिला ±५ पासून पुढे हवेत, ९ व्होल्टच्या बॅटरीतून ±४.५ च मिळतात. गेन ११ चा दाखवलेला असतो, मोबाईलला तो जास्त होतो, ३-४ ठेवा म्हणजे व्हॉल्यूम नीट फिरवता येतो.

माझं मत विचाराल तर दोन्ही एकाच डब्यात हवं आणि हाताने शिकायची हौस असेल तर २०३०, त्यात सप्लाय, ग्राउंड, गेन सगळं कळतं आणि काही जळलं तर आयसी स्वस्त आहे. घुंss टाळायला ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या वायरींपासून लांब, इनपुटला शिल्डेड वायर, आणि सगळे ग्राउंड एकाच बिंदूवर आणून जोडा. काहीही बनवलं तरी पहिल्यांदा चालू करताना हेडफोन लावू नका, मल्टिमीटर डीसी मिलीव्होल्टवर ठेवून आउटपुटच्या दोन वायरींमध्ये मोजा. स्पीकरला ५० च्या आत चालेल, हेडफोनला २० च्या आत, त्याच्या वर दिसलं तर बंद करून सोल्डर परत तपासा.