पीएम स्वनिधी, वर्षभराचा अनुभव: कर्ज उत्तम, पंचवीस रुपयांची अट जाचक

आईच्या पालेभाजीच्या हातगाडीसाठी घेतलेल्या १०,००० रुपयांचा शेवटचा हप्ता या महिन्यात फिटला. गाडी हडपसरला लागते, हिशेब मी ठेवते. पीएम स्वनिधी म्हणजे पथारीवाल्यांना बँकेतून छोटं कर्ज मिळवून देणारी केंद्राची योजना; बाकी ती सगळ्या पथारीवाल्यांना माहीत आहे, तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

कर्ज म्हणून याला तोड नाही. आधी आम्ही ‘डेली’ घ्यायचो: कागदावर दहा हजार, हातात नऊ, आणि शंभर दिवस रोज शंभर रुपये वसुलीवाला गाडीवरून घेऊन जाणार. तीन-सव्वातीन महिन्यांत हजार रुपये व्याज! इथे बँकेचा दर १२ टक्के, म्हणजे अख्ख्या वर्षाचं व्याज साधारण ६६० रुपये. वेळेवर भरलं की ७ टक्के व्याज अनुदान खात्यात परत. तारण नाही. शाखेत मात्र “थोडी एफडी ठेवा” म्हणाले. योजनेची नियमावली छापून समोर ठेवली तेव्हा फाईल हलली. तुम्हीही घेऊन जा.

राग आहे तो कॅशबॅकचा, म्हणजे डिजिटल व्यवहारांवर खात्यात मिळणाऱ्या बक्षिसाचा. आमच्या कर्जाच्या वेळी नियम असा होता: महिन्याला ५० व्यवहारांना ५० रुपये, १०० ला ७५, २०० ला १००. पण नियमात व्यवहार धरायचे तो २५ रुपयांपासून पुढचाच. कोथिंबिरीची जुडी पंधराला, मेथी वीसला, लिंबं दहाची. दिवसभर क्यूआरवर पैसे येतात आणि मोजणीत जेमतेम चार-पाच. शेजारच्या फळवाल्याचं प्रत्येक गिऱ्हाईक धरलं जातं, आईची निम्म्याहून जास्त गळतात. जिचा माल सगळ्यात स्वस्त, तिच्याच वाट्याला सगळ्यात कमी, हे मला अजिबात पटत नाही. रुपया-रुपयाचे खोटे व्यवहार रोखायला काहीतरी मर्यादा हवी, मान्य. मग ती दहावर ठेवा, नाहीतर महिन्याची एकूण रक्कम बघा.

त्यात क्यूआरवर पैसे आले की बोलून सांगणारा भाड्याचा स्पीकर पावसात बंद पडला. कंपनीचे लोक फोनवर नुसते तक्रार क्रमांक देत राहिले आणि भाडं कापत राहिले. त्या महिन्यांचा कॅशबॅक भाड्यातच गेला.

दिवाळीनंतर माझं मत थोडं बदललं. नियमावलीप्रमाणे आपण दुसऱ्याला दिलेले पैसेही मोजणीत धरायचे, फक्त आलेलेच नाही. मार्केट यार्डातली खरेदी, टेम्पोचं भाडं, सगळं यूपीआयने द्यायला लागल्यावर आकडा शंभरापुढे गेला. हे ना बँकेने सांगितलं, ना नोंदणीच्या शिबिरात. शिवाय विक्रीचे पैसे खात्यात राहतात, हप्ता तिथूनच कापला जातो, आणि गाडीवर गिऱ्हाइकांसमोर कुणी आईचा अपमान करत नाही. माझ्या लेखी ही गोष्ट कॅशबॅकपेक्षा कितीतरी मोठी आहे.

ऑगस्ट २०२५ च्या बदलांनंतर दुसरं कर्ज २०,००० ऐवजी २५,००० पर्यंत मिळतं आणि योजना मार्च २०३० पर्यंत वाढली आहे. आमचा अर्ज भरून झाला. स्पीकर परत केला. आई मोबाईलवरचा मेसेज बघूनच जुडी हातात देते.