की-डी : ब्राउझर अपडेट झाला तरी बटणं जागच्या जागी

कॅप्स लॉकचं एस्केप, उजव्या ऑल्टचं कंट्रोल असे फेरफार लिनक्सवर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतात. मग एक दिवस ब्राउझर अपडेट होतो आणि फक्त ब्राउझरमध्येच जुनं कॅप्स लॉक पुन्हा डोकं वर काढतं. बाकी काही प्रोग्रामांत फेरफार शाबूत असतो, त्यामुळे दोष ब्राउझरवर ढकलला जातो. खरं तर ब्राउझरने बटणांना हातही लावलेला नसतो. त्याने फक्त जागा बदललेली असते.

फायरफॉक्सचं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या १२१ व्या आवृत्तीपासून वेलँड (पडद्यावरच्या खिडक्या आणि बटणं हाताळणारी लिनक्सची नवी व्यवस्था, जुनी ती एक्स) उपलब्ध असेल तर फायरफॉक्स थेट वेलँडवर चालतो. त्याआधी तो वेलँडच्या सत्रातही एक्सवेलँड या मधल्या थरातून चालायचा. एक्समॉडमॅप या बटणं बदलणाऱ्या जुन्या कमांडने केलेला बदल फक्त एक्सच्या जगापुरता असतो. फायरफॉक्स त्या जगातून बाहेर पडला आणि फेरफार मागे राहिला. क्रोमियमच्या घराण्यातल्या ब्राउझरांनाही हेच लागू आहे, तिथे ही निवड ओझोन प्लॅटफॉर्म या नावाखाली होते. तुमचा ब्राउझर कुठे चालतोय ते आधी बघून घ्या. फायरफॉक्समध्ये अबाउट-सपोर्ट पानावर ‘विंडो प्रोटोकॉल’ अशी ओळ असते, क्रोममध्ये जीपीयूच्या माहितीपानावर ओझोन प्लॅटफॉर्मचं नाव दिसतं. तिथे वेलँड लिहिलेलं असेल आणि तुमचा फेरफार एक्समॉडमॅपचा असेल, तर आणखी काही शोधायची गरज नाही.

मॉझ-एनेबल-वेलँड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल शून्य करून फायरफॉक्सला परत एक्सवेलँडवर ढकलता येतं आणि तात्पुरतं काम भागतं. पण स्केलिंग आणि टचपॅडच्या हालचाली यांत जे सुधारलं होतं ते गमवावं लागतं. शिवाय एक्समॉडमॅप मुळातच तकलादू: नवा कीबोर्ड जोडला किंवा लेआउट बदलला की तो केलेलं विसरतो. त्यापेक्षा फेरफारच एक मजला खाली न्यावा. त्यासाठी की-डी हा प्रोग्राम आहे, आणि या एका कामासाठी सध्या तरी तोच सगळ्यात सरस वाटतो.

की-डी हा सी भाषेत लिहिलेला छोटा डीमन आहे, पार्श्वभूमीत रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालतो. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ईव्हीडेव्ह या उपकरणं वाचणाऱ्या थरातून तो खऱ्या कीबोर्डाचा पूर्ण ताबा घेतो आणि बदललेली बटणं यूइनपुट या नकली उपकरणं बनवणाऱ्या सोयीच्या साहाय्याने ‘की-डी व्हर्च्युअल कीबोर्ड’ या नकली उपकरणातून पुढे सोडतो. वर एक्स असो, वेलँड असो किंवा नुसती काळ्या पडद्याची कन्सोल असो, सगळ्यांना हा नकली कीबोर्डच खरा वाटतो. म्हणून ब्राउझर कोणत्याही थरात उडी मारो, फ्लॅटपॅक या बंदिस्त पॅकेजातून येवो की स्नॅप या तशाच दुसऱ्यातून, बटणं हलत नाहीत.

बसवायला फारसे कष्ट नाहीत. आर्च या लिनक्स वितरणाच्या अधिकृत भांडारात तो आहे, डेबियनच्या १३ व्या आवृत्तीतही आहे. जिथे नाही तिथे सोर्स उतरवून मेक आणि मग सुडोसह मेक इन्स्टॉल. डेबियनच्या घराण्यात बसवूनही टर्मिनल ‘अशी कमांड नाही’ म्हणत असेल, तर डीपीकेजी या पॅकेज सांभाळणाऱ्या कमांडला मोठ्या (कॅपिटल) एल पर्यायाने पॅकेजमधल्या फाइलींची यादी विचारा, कमांड कोणत्या नावाने ठेवली आहे ते कळेल. शेवटी सिस्टिमसीटीएलने सेवा एनेबल करून लगेच सुरू करायची.

इथली सगळी सेटिंग्ज ईटीसीमधल्या की-डी फोल्डरातल्या एकाच फाइलीत मावतात, नाव डिफॉल्ट, शेपूट कॉन्फ. चौकोनी कंसात आयडीज असा पहिला विभाग, त्याखाली फक्त एक तारांकन, म्हणजे सगळे कीबोर्ड. मग मेन नावाचा विभाग, त्यात एक ओळ: कॅप्सलॉक, बरोबरचं चिन्ह, ओव्हरलोड, आणि गोल कंसात स्वल्पविराम देऊन कंट्रोल व एस्क. एवढ्याने कॅप्स लॉक दाबून धरलं की कंट्रोल आणि नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलं की एस्केप मिळतं. फाइल जतन केली की सुडोसह की-डी रीलोड. नव्या आवृत्तींत की-डी चेक ही कमांड रीलोडच्या आधी फाइलीतल्या चुका ओळीसकट दाखवते, ती चालवल्याशिवाय पुढे जाऊ नये. तारांकनामुळे सगळेच कीबोर्ड ताब्यात जातात, त्यामुळे फाइल बिघडली तर दुसरा कीबोर्ड जोडूनही सुटका नाही. अशा वेळी बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर ही तीन बटणं एकत्र दाबायची, की-डी जागच्या जागी बंद पडतो आणि खरा कीबोर्ड मोकळा होतो. हे आधीच पाठ करून ठेवा, अडकल्यावर शोधायला कीबोर्ड नसतो.

ब्राउझरमध्ये या सेटिंगचा एक खट्याळ परिणाम जाणवतो. कॅप्स लॉक धरून लिंकवर क्लिक केलं की नव्या टॅबमध्ये पान उघडतं, पण बोट उचलताच एस्केपही जातं. पान अर्धवट लोड होऊन थांबतं, उघडलेला डायलॉग मिटतो, पूर्ण पडद्यावर चाललेला व्हिडिओ लहान होतो. ब्राउझर बिघडल्यासारखा दिसतो. कारण असं की तारांकनात फक्त कीबोर्ड येतात, माउस येत नाही. मध्ये क्लिक झालं हे की-डीला कळतच नाही, त्याच्या लेखी तुम्ही कॅप्स लॉक एकटंच दाबून सोडलं. ग्लोबल नावाच्या विभागात ओव्हरलोड-टॅप-टाइमआउट २०० ठेवा. मग २०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त धरलेल्या बटणाला टिचकी मानलं जात नाही. मुळात ही मर्यादा शून्य, म्हणजे बंद असते. ब्राउझरमध्ये दिवस घालवणाऱ्यांसाठी ती चालूच ठेवायला हवी होती, असं आमचं मत.

दुसरी गोष्ट ऑल्टची. ऑल्टच्या विभागात सी, व्ही, टी, डब्ल्यू यांना अनुक्रमे कंट्रोलसह त्याच अक्षरांवर बसवलं की अंगठ्याने कॉपी, पेस्ट, नवा टॅब आणि टॅब बंद ही कामं होतात. एकटं ऑल्ट दाबून सोडलं की फायरफॉक्सचा मेन्यूबार उघडतो, आणि अशा फेरफारात ऑल्ट मध्येच सोडल्याचा भास होऊन तो सारखा उघडायला हवा. तसं होत नाही, कारण की-डी मध्ये कंट्रोलची एक निरुपद्रवी चाहूल घुसवतो. इव्हेंटची नोंद बघताना न दाबलेलं कंट्रोल दिसलं तर दचकू नका, ते याचसाठी आहे. नको असेल तर ग्लोबल विभागात ही चाहूल, म्हणजे मॉडिफायर गार्ड, बंद करणारा पर्याय आहे, पण मग मेन्यूबारची कटकट सोसावी लागेल.

आता की-डी बसवूनही बटण चुकीचं वागत असेल तर. इथे लोक ब्राउझरचं प्रोफाइलच उडवतात. त्याऐवजी खालून वर चढत यायचं. सुडोसह की-डी मॉनिटर चालवा आणि बटण दाबा. व्हर्च्युअल कीबोर्डच्या नावासमोर एस्क दिसलं तर की-डीचं काम संपलं, दोष वरच्या थरात आहे. खऱ्या कीबोर्डाचंच नाव येत असेल तर तो ताब्यातच घेतलेला नाही, आयडीज विभाग तपासा. मग वेलँडवर वेव्ह आणि एक्सवर झेव्ह ही छोटी साधनं चालवा, डेस्कटॉपपर्यंत काय पोचलं ते कळतं. सगळ्यात वरती ब्राउझर. कुठल्याही साध्या पानावर डेव्हलपर कन्सोल उघडून कीडाउन इव्हेंट ऐकणारी एक ओळ टाका, ती की, कोड आणि कीकोड हे तिन्ही गुण छापेल अशी. बाहेरून आणलेली ओळ ब्राउझर चिकटवू देत नाही, आधी परवानगीचे शब्द टाइप करायला लावतो, तेवढं करा. मग पानावर एकदा क्लिक करा, नाहीतर बटणं कन्सोलमध्येच जातील. चाचणीसाठी कंट्रोल-टी किंवा कंट्रोल-डब्ल्यू वापरू नका, ती ब्राउझर स्वतःसाठी राखून ठेवतो.

यातल्या ‘की’ आणि ‘कोड’ यांच्या फरकात बरीच गूढं दडलेली आहेत. ‘की’ म्हणजे लेआउट लावल्यावर निघालेला अर्थ, ‘कोड’ म्हणजे कीबोर्डावरची जागा. एक्समॉडमॅप किंवा डेस्कटॉपच्या सेटिंगमधून केलेला बदल फक्त अर्थ बदलतो. म्हणजे ‘की’ एस्केप दाखवते आणि ‘कोड’ कॅप्सलॉकच राहतो. जी संकेतस्थळं कोड वाचतात, उदाहरणार्थ ब्राउझरमधले खेळ, रिमोट डेस्कटॉप, काही कोड एडिटर, त्यांच्यात तुमचा फेरफार चालतच नाही. व्हीएस कोडमध्ये यासाठी कीबोर्ड डिस्पॅच नावाचं सेटिंग कीकोडवर न्यावं लागतं. की-डीने दोन्ही गुण एस्केपच दाखवतात, कारण ब्राउझरच्या दृष्टीने कॅप्स लॉक दाबलंच गेलेलं नसतं. हा फायदा फारसा कुणी सांगत नाही, पण निव्वळ याच्यासाठीही की-डी घ्यावा. एक खबरदारी: फायरफॉक्समध्ये फिंगरप्रिंटिंगला (ब्राउझरच्या बारीक खुणांवरून माणूस ओळखण्याला) विरोध करणारं कडक सेटिंग चालू असेल तर तो इंग्रजी कीबोर्डाचे बनावट गुण दाखवतो. ते बंद करूनच ही चाचणी करा.

खाली सगळं बरोबर आणि तरीही वर उलटं, असं झालं तर नव्वद टक्के शंका जुन्या सेटिंगवर घ्या. नोम डेस्कटॉपच्या इनपुट सोर्सेसमध्ये किंवा केडीई डेस्कटॉपच्या कीबोर्ड पानावर कॅप्स-एस्केप अदलाबदल कधीतरी चालू केलेली असते, वरून की-डीमध्येही तीच. दोनदा अदलाबदल झाली की बटणं मूळ जागी येतात आणि काहीच चालत नाही असं वाटतं. इनपुट-रीमॅपरसारखं दुसरं साधन सोबत चालू असेल तर दोघंही एकाच उपकरणाच्या ताब्यासाठी भांडतात, आणि आधी कोण सुरू झालं त्यावर निकाल ठरतो. म्हणून रीबूटनंतर कधी चालतं, कधी नाही. एकच ठेवा.

आणि काही बदल खरोखरच ब्राउझरचे असतात. बॅकस्पेसने मागच्या पानावर जाणं क्रोमने २०१६ साली काढलं, फायरफॉक्सने २०२१ साली. फायरफॉक्समध्ये अबाउट-कॉन्फिग पानावर ब्राउझर-बॅकस्पेस-अ‍ॅक्शन शून्य केलं की ते परत येतं. एक्स्टेन्शनांचे शॉर्टकटही आपसात भिडतात, ते अ‍ॅड-ऑनच्या पानावरच्या दातेरी चाकात बघता येतात. की-डी मॉनिटर आणि वेव्ह दोन्हीकडे बटण बरोबर दिसलं तर इकडे वळायचं.

ब्राउझरपुरताच वेगळा फेरफार हवा असेल तिथे मात्र की-डी ढेपाळतो. कर्नलच्या थराला कोणती खिडकी समोर आहे ते माहीत नसतं, म्हणून त्यासाठी अ‍ॅप्लिकेशन-मॅपर हा वेगळा प्रोग्राम दिला आहे. वापरकर्त्याला की-डीच्या ग्रुपमध्ये घालावं लागतं, नोमवर एक्स्टेन्शन चालू करावं लागतं, आणि नियम घराच्या फोल्डरातल्या कॉन्फिगमध्ये खिडकीच्या नावाने लिहावे लागतात. गोची त्या नावातच आहे. ब्राउझर एक्समधून वेलँडवर आला किंवा साध्या पॅकेजऐवजी फ्लॅटपॅक झाला की तेच नाव बदलू शकतं, आणि नियम मुकाट्याने निकामी होतात. मॅपर व्ही पर्यायाने चालवून ब्राउझरवर क्लिक करा, नवं नाव छापून येतं, ते फाइलीत घाला. म्हणजे ज्या दुखण्यावर औषध म्हणून की-डी घेतला, तेच इथे मागच्या दाराने परत येतं. शिवाय ग्रुपमधल्या कुणालाही कीबोर्डाचे नियम बदलता येतात, सामायिक कंप्युटरवर हे जपून. खिडकीनिहाय नियमच मुख्य गरज असेल तर एक्सरीमॅप बघा, त्याची रचनाच त्यासाठी आहे.

लॅपटॉपवर आणखी एक त्रास हमखास होतो: टाइप करताना तळहात लागून कर्सर उडतो. नकली कीबोर्ड लॅपटॉपच्या अंगचा आहे हे लिबइनपुटला (कीबोर्ड-टचपॅड हाताळणाऱ्या थराला) कळत नाही, म्हणून टाइप करताना टचपॅड बंद ठेवण्याची सोय लागू होत नाही. ईटीसीमधल्या लिबइनपुट फोल्डरात लोकल-ओव्हरराइड्स नावाची, क्वर्क्स शेपटाची फाइल करून त्यात की-डीच्या व्हर्च्युअल कीबोर्डाचं नाव आणि कीबोर्ड इंटिग्रेशन इंटर्नल असं लिहिलं, आणि पुन्हा लॉगिन केलं की हा त्रास थांबतो. भरपूर बटणांचे काही माउस कीबोर्ड समजून ताब्यात घेतले जातात, त्यांचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक की-डी मॉनिटरमध्ये बघून आयडीज विभागात वजाचं चिन्ह लावून टाका. मॅक्रो लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की की-डी अक्षरं नाही, बटणं पाठवतो. इनस्क्रिप्ट चालू असताना ईमेल पत्त्याचा मॅक्रो चालवला तर देवनागरीची खिचडी उमटेल.

केवळ कॅप्स लॉकचं एस्केप करायचं असेल, धरलं तर एक आणि टिचकी मारली तर दुसरं अशी हौस नसेल, तर एवढा डीमन पाळायची गरज नाही. नोमच्या जी-सेटिंग्जमध्ये किंवा केडीईच्या कीबोर्ड पानावर एक्सकेबी या कीबोर्ड लेआउट व्यवस्थेचा तयार पर्याय आहे. तो वेलँडवरच्या आणि एक्सवेलँडवरच्या दोन्ही ब्राउझरांना लागू होतो आणि रूटचे अधिकारही मागत नाही. फक्त कोड वाचणाऱ्या संकेतस्थळांत तो चालणार नाही.