अग्निसुरक्षा सल्लागाराची सेवा: नवी वसाहत असेल तर जरूर घ्या

आमच्या नव्या वसाहतीचा आराखडा आम्ही एका अग्निसुरक्षा सल्लागाराकडून तपासून घेतला. काम एकदम चोख. नुसता नकाशा न बघता त्यांनी टेप लावून रस्ते मोजले. इंटरनॅशनल फायर कोड या अग्निसुरक्षेच्या नमुना नियमावलीप्रमाणे बंबाच्या वाटेला किमान 6.1 मीटर मोकळी रुंदी लागते आणि एका टोकाला बंद असलेला रस्ता 45.7 मीटरपेक्षा लांब असेल तर बंब वळवायला जागा सोडावी लागते. आमच्या शेवटच्या गल्लीत ती नव्हतीच. विकसकाने तिथे बाग दाखवली होती! आता आराखडा बदलतोय.

सगळ्यात आवडलं ते हायड्रंटचं, म्हणजे आग विझवायला पाणी देणाऱ्या नळाचं, काम. झाकण काढून आधी स्थिर दाब, मग पाणी सोडून वाहता दाब, दोन्ही आम्हाला गेजवर दाखवले. नळ बंद असताना काटा छान वर असतो. पाइप अरुंद असला की पाणी सोडताच खाली येतो. नुसत्या स्थिर दाबाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

अहवाल मात्र उशिरा आला, आणि घरातल्या स्मोक अलार्मवर जेमतेम दोन ओळी. तरी पाचपैकी चार तारे. तपासणी रस्ते डांबरी होण्याआधीच करून घ्या, नंतर रुंदी वाढवणं फार अवघड जातं.