छोट्या कुत्र्याचं भुंकणं आणि चावणं: घरी येऊन शिकवणाऱ्या ट्रेनर ताईंचा रिव्ह्यू

घरात पॉमेरेनियन, शित्झू, पग, डॅशहुंड असं काही असेल आणि बेल वाजली की तो घर डोक्यावर घेत असेल, पाहुण्यांच्या पायाशी धावत असेल तर ह्या ताईंची होम व्हिजिट नक्की घ्या. आमचा चिकू पॉम आहे, वजन जेमतेम साडेतीन किलो, आणि कामाला येणाऱ्या मावशींच्या घोट्याला दात लावण्यापर्यंत गोष्ट गेलेली. सोफ्यावर झोपलेला असताना नानांनी म्हणजे सासऱ्यांनी जरा सरकवलं की गुरगुर, लिफ्टमध्ये कोणी शिरलं की भुंकून भुंकून जीव काढायचा. आणि एवढुसा आहे म्हणून लोक हसतात, व्हिडिओ काढतात. हेच एखाद्या लॅब्रेडॉरने केलं असतं तर सोसायटीची मीटिंग लागली असती, पण भीती दोघांचीही तेवढीच खरी असते ना.

फोनवर ताईंनी पहिलं काय सांगितलं तर आधी व्हेटकडे म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे दाखवून या, मग मी येते. मला हे फार पटलं. छोट्या ब्रीड्समध्ये दातांचे त्रास आणि मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी सरकणं खूप कॉमन आहे, दुखत असताना उचललं तर तो चावणारच, तिथे ट्रेनिंग काय करणार. चिकूच्या हिरड्या सुजलेल्या निघाल्या, दातांचं क्लीनिंग करून घेतलं, आणि तोंडाजवळ हात नेला की जो चिडायचा ते बरंच तिथेच कमी झालं.

घरी आल्यावर ताईंनी त्याला हात लावला नाही, नावाने हाक नाही, काही नाही. जमिनीवर थोडं तिरकं बसल्या आणि आमच्याशी बोलत राहिल्या, तो भुंकून दमला आणि स्वतःच वास घ्यायला आला तेव्हा उकडलेल्या चिकनचा तुकडा बाजूला टाकला, बस. मग नानांना आणि माझ्या लेकीला शेजारी बसवून तो काय काय सांगतोय ते दाखवलं. मान वळवणं, जीभ ओठावरून फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणं, मग एकदम ताठ होणं. हे सगळं झाल्यावर गुरगुर येते आणि त्यानंतर दात. मोठा कुत्रा ताठ झाला की माणूस आपोआप मागे सरतो, छोट्याला मात्र आपण तसंच कडेवर उचलतो. त्याचं पहिलं 'नको' कोणी ऐकतच नाही म्हणून तो शेवटचं वापरायला शिकतो. आणि गुरगुरला म्हणून ओरडायचं अजिबात नाही असं त्यांनी बजावलं, कारण ओरडून गुरगुर बंद होते, भीती जात नाही, मग तो न सांगता चावतो.

आता सोफ्यावरून त्याला कोणी उचलून काढत नाही. 'खाली' म्हणायचं आणि तुकडा जमिनीवर टाकायचा, तो आपला उतरतो. कडेवर घ्यायचं तर आधी 'उचलू?' विचारून हात पुढे करायचे, तोंड फिरवलं तर राहू दे. नानांना पहिल्यांदा हे जास्तीचे लाड वाटले पण आता तेच पाहुण्यांना सांगतात की थांबा, आधी विचारा त्याला.

बेलचं काम मात्र वेळ खातं हे आधीच सांगते. बेलचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून अगदी हळू वाजवायचा, वाजला की चटईवर चिकन, मग आवाज थोडा वाढवायचा, भुंकला तर परत कमी करायचा, असं करत करत खऱ्या बेलपर्यंत यायचं. डिलिव्हरीवाल्यांसाठी सध्या 'बेल वाजवू नका, फोन करा' असं लिहून ठेवायला सांगितलं, म्हणजे शिकवलेलं मोडत नाही. ढोल-ताशाच्या सरावाचे दिवस आले की हीच पद्धत त्या आवाजालाही, आणि पुण्यात राहून ह्याला पर्याय नाही. एवढ्याशा कुत्र्याला तुकडे किती द्यायचे तर नखाएवढे, आणि तेवढं जेवणातून कमी करायचं, नाहीतर वजन वाढून गुडघ्यांवर ताण येतो.

ह्यांच्या आधी एक ट्रेनर यायचे, ते चोक चेनचा म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीचा झटका देऊन 'बॉस कोण ते कळू दे त्याला' म्हणायचे. पॉमची श्वासनलिका नाजूक असते, दबून खोकला लागू शकतो, त्यामुळे आम्ही ते थांबवलं. ताईंनी गळ्यातला पट्टा काढून छातीवरचा हार्नेसच लावायला सांगितला. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या व्हेट्सच्या संघटनेनेही २०२१ मध्ये हेच मांडलंय की सगळ्या कुत्र्यांना बक्षीस देऊन शिकवा, चोक चेन आणि शॉक कॉलर नको. व्हिएन्नामध्ये १२७६ कुत्रेमालकांचा सर्व्हे झालेला, २०१० साली आला, तो ताईंनी आम्हाला समजावून सांगितला. त्यात छोट्या कुत्र्यांचे मालक नियमांत जास्त ढिले, त्यांच्याशी खेळणं आणि शिकवणंही कमी, आणि जिथे शिक्षा जास्त तिथे चिडकेपणा जास्त, हा संबंध छोट्यांमध्ये जास्त ठळक दिसला. हे ऐकून मला वाईट वाटलं, कारण 'घरातच खेळतो की, त्याला कशाला फिरवायचं' हे छोट्या कुत्र्यांबद्दल सगळीकडे ऐकू येतं. त्यालाही रोज बाहेर जाऊन निवांत वास घेत हिंडायचं असतं हो.

लिफ्टमधलं भुंकणं अजून पूर्ण गेलेलं नाही, गर्दी असली की आम्ही पुढची लिफ्ट घेतो. मावशी मात्र आता बिनधास्त येतात आणि तो चटईवर बसून शेपटी हलवतो, माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट ती.

फी कमी नाहीये, आणि 'दोन आठवड्यांत गॅरंटी' असलं काही त्या देत नाहीत, ते मला उलट बरं वाटलं. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला की उत्तर देतात पण लगेच नाही, संध्याकाळ होते. पिल्लू नुकतंच आणलं असेल तर थांबू नका, तीन ते चौदा आठवड्यांचा काळ माणसांची, आवाजांची ओळख व्हायला सगळ्यात चांगला, व्हेटला लसीचं विचारून तेव्हाच बोलवा. आणि वेळ अशीच घ्या की घरातले सगळे हजर असतील, कामाच्या मावशींनाही थांबायला सांगा, एकाने जरी जुन्या पद्धतीने उचललं तर तो परत गुरगुरायला लागतो.