अकिलीसच्या दुखण्यावर पायरीचा व्यायाम: साठीनंतरच्या रनरचा आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू केलेला व्यायाम अजून चालूच आहे, म्हणून आता खात्रीने लिहितोय. दुखणं डाव्या पायाच्या अकिलीस टेंडनला, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याला, टाचेच्या हाडाच्या दोन-तीन बोटं वर. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली पावलं लंगडतच पडायची, मग जरा चाललं की मोकळं वाटायचं, पळायला लागल्यावर तर काहीच नाही आणि दुसऱ्या सकाळी परत तेच. सोनोग्राफीत टेंडन जाड झालेलं दिसलं. आराम केला की बरं वाटायचं, पण तळजाईचा चढ एकदा पळालं की पुन्हा सुरू, कारण नुसत्या आरामाने टेंडनची ताकद वाढत नाही, उलट कमी होते.

फिजिओ मॅडमनी अल्फ्रेडसनची पद्धत दिली. स्वीडनच्या या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी १९९८ साली १५ हौशी रनर्सकडून ती १२ आठवडे करून घेतली आणि ते सगळे परत पळायला लागले. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायाच्या जोरावर वर जायचं, मग सगळा भार दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली न्यायची. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ सेट, गुडघा थोडा वाकवून अजून ३, सकाळ-संध्याकाळ. म्हणजे रोज १८० वेळा! सोपं झालं की पाठीवर सॅक, आमच्या सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या असायच्या.

पहिला महिना फरक जवळपास शून्य, आणि बहुतेक लोक इथेच सोडतात हो, प्लीज सोडू नका. दुखणं दहापैकी पाचपर्यंत गेलं तरी चालतं, फक्त दुसऱ्या सकाळी ते वाढलेलं नको, वाढलं तर सॅकमधलं वजन कमी करायचं. मला हा सकाळचा हिशोब सगळ्यात कामाचा वाटला, कारण व्यायाम करताना टेंडन खरं सांगतच नाही.

रोजचे १८० या वयात पोटरीला जड जातात हे मात्र खरं. नंतर मॅडमनी आठवड्यातून तीनदाच, पण जास्त वजन घेऊन, तीन सेकंद वर तीन सेकंद खाली असं दिलं. २०१५ च्या डेन्मार्कमधल्या अभ्यासात दोन्हीचा फायदा सारखाच निघाला होता, मला हे निभवायला सोपं गेलं.

दुखणं अगदी टाचेच्या हाडापाशी असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. आणि साठीच्या पुढचे असाल तर डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं की टेंडनचं आवर्जून सांगा, या अँटिबायोटिक्सनी टेंडन तुटायचा धोका वाढतो, आपल्या वयात जास्तच. टेंडनमध्ये स्टेरॉईडचं इंजेक्शन घेण्याआधीही दहादा विचार करा.

आता सपाट रस्त्यावर दहा किलोमीटर आरामात होतात, सकाळचं लंगडणं गेलंय, जाडी हाताला अजून लागते. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटाचं एवढ्यात नाही. एका पायावर वीस-पंचवीसदा टाच उचलता आली की चढाचं बघू असं मॅडम म्हणतात, उजव्याने होतं, डावा अजून मध्येच थकतो.