आयड्रॅक ९ : युजर बनवा, पण ‘ऑपरेटर’ कुणालाही देऊ नका

डेलच्या चौदाव्या ते सोळाव्या पिढीच्या पॉवरएज सर्व्हरमध्ये (आर६४०, आर७४०, टी४४० वगैरे) आयड्रॅक ९ हा वेगळा मॅनेजमेंट कंट्रोलर असतो. सर्व्हर बंद असला तरी हा जागा. याच्या ॲडमिनला मशीन चालू-बंद करता येतं, आयएसओ (डिस्कची फाइलरूपी प्रत) जोडून त्यावरून बूट करता येतं, बायोसची सेटिंगही बदलता येतात. म्हणजे इथला युजर विंडोजच्या ॲडमिनपेक्षाही वरचढ. तरी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत एकच रूट (आधीपासून असलेला मुख्य ॲडमिन) आणि त्याचा पासवर्ड मालक, आयटीवाला, एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) अशा तिघांकडे, हा प्रकार सर्रास चालतो. मग लाइफसायकल लॉगमध्ये, म्हणजे आयड्रॅकच्या नोंदवहीत, प्रत्येक ओळीपुढे ‘रूट’ दिसतं आणि मशीन कुणी रीस्टार्ट केलं ते शेवटपर्यंत कळत नाही.

लोकल युजरसाठी १६ जागा आहेत. पहिली राखीव, दुसरीत रूट, उरल्या १४. मध्यम आकाराच्या कंपनीला त्या पुरून उरतात.

अडचण तयार रोलमध्ये आहे. ‘रीड ओन्ली’ला लॉगिन करून नुसतं बघता येतं. ‘ऑपरेटर’ हे नाव साधं वाटतं, पण नऊपैकी सात परवानग्या त्याच्याकडे जातात. फक्त युजर बदलणं आणि लॉग पुसणं त्याला जमत नाही. आयड्रॅकचा आयपी बदलण्यापासून आयएसओ लावण्यापर्यंत बाकी सगळं खुलं. त्यामुळे कस्टमच घ्या. प्रत्येक परवानगीला आकडा आहे : लॉगिन १, कॉन्फिगर २, युजर ४, लॉग ८, सिस्टिम कंट्रोल (मशीन चालू-बंद करणं) १६, व्हर्च्युअल कन्सोल (सर्व्हरचा स्क्रीन दुरून वापरणं) ३२, व्हर्च्युअल मीडिया (आयएसओ दुरून जोडणं) ६४, सिस्टिम ऑपरेशन्स १२८, डीबग २५६. हव्या त्या आकड्यांची बेरीज म्हणजे तो युजर. वेब पानावर नुसत्या टिका मारायच्या. रॅकॲडमने (डेलच्या कमांड लाइन टूलने) करायचं तर बेरीज हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत) लिहायची.

उदाहरण घ्या. गुरुवारी महावितरणचं देखभालीचं काम निघतं, यूपीएस संपतो, सर्व्हर बंद होतो. वीज आल्यावर शिफ्ट सुपरवायझरने तो चालू करावा, एवढंच हवं असेल तर १ अधिक १६, म्हणजे १७, हेक्समध्ये ११. एएमसीच्या इंजिनिअरला कन्सोल आणि मीडियाही लागतात, म्हणून ११३, हेक्समध्ये ७१. पण मीडिया हातात असलेला माणूस स्वतःची आयएसओ लावून डिस्क वाचू शकतो. त्यामुळे हे खातं एरवी डिसेबल ठेवा, कॉल आला की एनेबल करा. डिसेबल केलं तरी सेटिंग जागेवर राहतात.

खरी फसगत त्याच पानावर थोडी खाली होते. आयपीएमआय म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळायची जुनी, सर्व कंपन्यांना सामाईक पद्धत. तिच्या लॅनसाठी आणि सिरियलसाठी हक्क वेगळे द्यावे लागतात. वर ‘रीड ओन्ली’ केलं आणि खाली लॅनचा हक्क ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ राहिला, तर तोच युजर आयपीएमआय-टूलने दुसऱ्यांचे पासवर्ड बदलू शकतो. दोन्ही ठिकाणी ‘नन’ करा आणि आयपीएमआय ओव्हर लॅन बंदच ठेवा. आयपीएमआय २.० च्या रचनेतच खोट आहे : लॉगिन पूर्ण होण्याआधीच पासवर्डचा हॅश (त्यापासून बनवलेला सांकेतिक आकडा) समोरच्याला मिळतो, मग तो निवांत फोडत बसायचं. पासवर्डही २० बाइटच्या पुढे जात नाही. स्टॅटिक आयपीवर पोर्ट फॉरवर्ड करून आयड्रॅक बाहेर उघडणाऱ्यांना तर हात जोडावेत. व्हीपीएन लावा.

ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोजची कंपनीभरच्या युजरची यादी) जोडता येते आणि ‘टेस्ट’चं बटण खरोखर कामाचं आहे, कुठल्या पायरीवर अडलं ते सांगतं. सर्टिफिकेट तपासणी चालू असेल तर डोमेन कंट्रोलरचा (ती यादी सांभाळणाऱ्या सर्व्हरचा) आयपी नव्हे, सर्टिफिकेटवर आहे ते पूर्ण नाव टाका. घड्याळ चुकलेलं असेल तर सर्टिफिकेट बाद ठरतं, म्हणून एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणं) आधी लावा. आणि डोमेन कंट्रोलर याच सर्व्हरवर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) म्हणून चालत असेल तर? सर्व्हर पडला की डोमेनचं लॉगिनही गेलं. एक लोकल ॲडमिन ठेवाच, पासवर्ड पाकिटात सीलबंद.

दुसरी फट ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाजूने. तिथला रूट किंवा ॲडमिनिस्ट्रेटर लोकल रॅकॲडमने आयड्रॅकचा पासवर्ड माहीत नसतानाही त्यातले युजर बदलू शकतो. सर्व्हिसेसमधल्या लोकल कॉन्फिगरेशनमध्ये ते बंद करता येतं. एंटरप्राइझ लायसन्स असेल तर सिस्टिम लॉकडाउनही चालू करा. त्यात सेटिंग गोठतात, पण मशीन चालू-बंद करता येतं, म्हणजे सुपरवायझरचं अडत नाही.

लायसन्सवर मात्र नाराजी आहे. कस्टम परवानग्या सगळ्यांना मिळतात, पण रॅक सर्व्हरवर व्हर्च्युअल कन्सोल आणि डिरेक्टरी एक्स्प्रेस या खालच्या लायसन्समध्ये नाहीत, त्यासाठी एंटरप्राइझ लागतं. लायसन्स सर्व्हिस टॅगला (मशीनच्या ओळख क्रमांकाला) बांधलेलं असतं. रिफर्बिश्ड मशीन घेताना विक्रेत्याला लायसन्सचं पान उघडून दाखवायला सांगा.

जुन्या मशीनमध्ये आधीच्या मालकाचे युजरही तसेच असतात. आयडी बटण १५ सेकंद दाबून धरलं की ते जातात, असा एक समज आहे. त्याने आयड्रॅक फक्त रीस्टार्ट होतो. मशीन चालू होताना एफ२ दाबून आयड्रॅक सेटिंग्जमधून डिफॉल्टवर आणा. त्यानंतर पासवर्ड समोरच्या ओढायच्या टॅगवरचा, किंवा मशीन जुन्या पद्धतीने मागवलेलं असेल तर सगळ्या जगाला पाठ असलेला ‘कॅल्विन’. याच एफ२ मधून कुणीही रूटचा पासवर्ड बदलू शकतो, तेव्हा बायोसचा सेटअप पासवर्डही त्याच बैठकीत लावून टाका.